राजगडाची दरज आणि आमच्या बाथरूमची टाइल

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे भरकटलो होतो तिथे थोडी कात्री लावली आहे, पण सगळीकडे नाही.

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्रीचे अडीच वाजले असतील. भोर तालुक्यात, वेळवंडी नदीच्या खोऱ्यात आमचं घर आहे. मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली आठवडाभर गावी आलो होतो. बाहेर तुफान पाऊस, आणि अचानक घरात धाडकन आवाज. मला वाटलं वीज पडली. बाथरूममध्ये जाऊन बघतो तर दोन बाय चार फुटांची अख्खी टाइल भिंत सोडून खाली आलेली, तुकडे कमोडपासून दारापर्यंत. आजी रोज पहाटे साडेचारला तिथे आंघोळ करते. म्हणजे फक्त दोन तासांचं अंतर.

त्या दिवसापासून आजीनं ते बाथरूम वापरणं सोडलं. परसातल्या जुन्या न्हाणीत, पत्र्याच्या आडोशाला, भर पावसात आंघोळ. बोलली काहीच नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता कबुली. चूक मिस्त्रीची नव्हती, माझी होती. टाइल्स मीच पुण्यातून निवडून पाठवल्या होत्या, चकचकीत, मोठ्या, व्हिट्रिफाइड. मिस्त्रींना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. त्यांनी तेव्हाच फोन केला होता. "दादा, ह्याला केमिकल लागंल. साधा माल धरायचा नाही." साइटवर टाइल अॅडेसिव्हला केमिकल म्हणतात. मी पुण्यातल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून, बीटेकच्या आत्मविश्वासानं उत्तर दिलं होतं, "आण्णा, सिमेंट आहे ना, मग केमिकल कशाला? उगाच खर्च." आण्णा म्हणाले, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." ह्या वाक्याचा खरा अर्थ मला दोन पावसाळ्यांनी कळला.

पडलेली टाइल उलटी करून बघितली. मागची बाजू जवळजवळ कोरी. सिमेंटचे पाच गोळे लावलेले, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, त्यांचे फक्त गोल डाग उमटले होते. गोळे भिंतीवर जसेच्या तसे शाबूत. सिमेंटनं भिंत धरली होती, टाइल धरलीच नव्हती.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आमच्या दारातून समोर बघा, सगळा मुलूख दगड जोडणाऱ्यांचा. डोंगरापलीकडे वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, तिथे राजगड आणि तोरणा. इकडे रोहिडा. खाली भाटघरचं धरण. ह्या लोकांनी शेकडो वर्षं टिकणारे जोड दिले, आणि माझी टाइल दोन पावसाळे टिकत नाही? त्यांच्याकडे कुठलं केमिकल होतं?

उत्तर आपल्याला माहीत असतं असं वाटतं. चुना. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद. व्हॉट्सअॅपवर तर ह्या यादीत दर महिन्याला एक नवीन पदार्थ वाढतो. गूळ-हिरड्याचा वापर खराच होत असे, पण सगळं श्रेय त्या पदार्थांना देऊन आपण खरी गोष्ट चुकवतो.

आधी चुना म्हणजे काय ते बघू. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, तापतो, फुलतो. ह्याला चुना विरवणं म्हणतात. विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडापासून दगडापर्यंतचा गोल प्रवास. फक्त हा प्रवास फार सावकाश चालतो. जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षं चालू राहू शकतो.

आपल्या भागात अजून एक गंमत. सह्याद्री सगळा बेसॉल्टचा, काळा पाषाण. चुनखडकाचे डोंगर इथे नाहीत. मग चुना आणायचा कुठून? तर काळ्या मातीत आणि नदी-ओढ्यांच्या काठी चुनखडीचे पांढरट खडे सापडतात, कंकर म्हणतात त्यांना. ते वेचून भाजायचे. ह्या खड्यांत माती मिसळलेली असते, म्हणजे तसं बघितलं तर माल अशुद्ध. पण भाजताना त्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग करतात आणि जो चुना तयार होतो तो ओलाव्यातही घट्ट होतो. शुद्ध चुन्याला हवा लागते, ह्याला पाणीही चालतं. विटेची बारीक पूड, म्हणजे सुर्खी, घातली की हाच गुण आणखी वाढतो. मग हा सगळा माल घाणीत मळायचा. गडांवर गोल दगडी चर आणि शेजारी पडलेलं दगडी चाक बघितलं असेल तुम्ही. बरेच लोक तिथे बसून रील करतात. ती चुन्याची घाणी. बैल फिरवायचे, चाक माल रगडायचं, तासन्तास.

इथपर्यंत मी वाचत आलो आणि मला वाटलं की सापडलं उत्तर, हेच ते जुन्या काळचं अॅडेसिव्ह. उत्साहानं आण्णांना जाऊन सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "चुना चिकटवायला नसतो दादा. बसवायला असतो."

ह्या वाक्यावर मी दोन दिवस होतो. राजगडाला परत जाऊन आलो. पाली दरवाज्यानं चढलो, संजीवनी माचीपर्यंत गेलो, आणि ह्या वेळी फोटो काढले ते फक्त दगडांच्या मधल्या फटींचे. ह्या फटीला गवंड्यांच्या भाषेत दरज म्हणतात. दरजा भरणे हे एक स्वतंत्र काम आहे, आणि बांधकाम संपल्यावरही ते संपत नाही, दर काही वर्षांनी करावं लागतं. बेसॉल्ट घट्ट दगड, तो पाणी जेमतेम पितो. म्हणजे चुना त्याच्या आत शिरून पकड घेईल असं फारसं होत नाही. मग तट उभा कसा? वजनावर. खालचा दगड वरच्याला पेलतो, रुंद दगड आत भिंतीत घुसवलेले असतात, सांधे एकावर एक येऊ दिलेले नसतात. चुना ही मधली गादी. दोन खडबडीत दगडांमधला उंचसखलपणा तो भरून काढतो, भार सारखा वाटतो आणि पाणी आत घुसू देत नाही. शिवाय तो दगडापेक्षा मऊ असतो. उन्हानं दगड फुगला, थंडीनं आक्रसला, जमीन किंचित बसली, तर तडा दरजेत जातो, दगडात नाही. आणि बारीक तडा असेल तर पावसाचं पाणी चुन्याचा थोडा अंश विरघळवून तिथेच परत जमवतं, फट आपोआप बुजते.

आजच्या भाषेत बोलायचं तर चुना अॅडेसिव्ह कमी आणि सीलंट जास्त होता. माझा गोंधळ तिथेच होता.

राजगडावर पाण्याचा हिशोबही ह्याच नजरेनं बघा. पद्मावती माचीवरचा तलाव बांधीव आहे, त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. गडावर पाणी टिकवणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे १८व्या शतकाच्या सुरुवातीला, गडावरच्या पाण्याबद्दल जे लिहिलं आहे त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. नुसत्या झऱ्यावर विसंबू नका, साठवणीची टाकी, तळी बांधा, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. म्हणजे हादऱ्यानं फटी हलतात, पाण्याचा मार्ग बदलतो, हे त्यांनी बघितलेलं होतं. फट कायम तशीच राहणार असं धरून चालू नका, असा तो सल्ला आहे. माझ्या बाथरूमच्या कोपऱ्यात मी नेमकं उलटं धरून चाललो होतो, ते पुढे सांगतो.

आता भाटघर. आमच्या घराचा आणि त्याचा जवळचा संबंध आहे. तिथे १९व्या शतकात ब्रिटिशांनी पहिलं धरण बांधलं, जलाशयाला नाव दिलं लेक व्हाइटिंग. मग त्याहून कितीतरी मोठं धरण हवं झालं, आणि १९२८ मध्ये लॉइड डॅम सुरू झाला, गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या नावाचा. १,६२५ मीटर लांब, ५८ मीटरच्या आसपास उंच, दगडी. भारतात पोर्टलँड सिमेंटचं मोठं उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं, म्हणजे मुंबई इलाख्यातली जुनी दगडी धरणं ज्या काळात उभी राहिली तो अजून चुन्याच्या मसाल्याचा काळ होता. आणि गणित पुन्हा तेच, पाण्याला अडवायचं ते भिंतीच्या वजनानं.

पाणी चढलं तशी खोऱ्यातली गावं वर सरकली. नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण भिजले. आमच्याकडे काठाला राहूनही उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, पण तो एका वेगळ्या एपिसोडचा विषय, त्यात शिरलो तर टाइल राहूनच जाईल. आजी सांगते की माझ्या पणजोबांनी जुन्या घराचे दगड बैलगाडीतून वर आणले आणि आत्ताच्या घराची मागची भिंत त्या दगडांची, चुन्यात बांधली. पुढचं घर नंतर विटा-सिमेंटचं झालं. मागची भिंत तशीच राहिली.

मे महिन्यात धरण तळाला गेलं की वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. लहानपणी आम्ही चिखल तुडवत तिथे जायचो. ह्या वर्षी गेलो तेव्हा दगडांच्या मधे बोट घालून बघितलं. काही दगड ढासळलेत, पण जिथे दरज शाबूत आहे तिथे चुना अजून हाताला टणक लागतो. वर्षातून एकदा भिजणं, एकदा वाळणं, असं जवळपास शंभर वर्षं.

आणि मी माझ्या पणजोबांच्या त्या भिंतीला काय केलं? तीच बाथरूमची चौथी भिंत होती. मी तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून, वरून काचेसारखी टाइल ठोकली. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. बाहेरून सह्याद्रीचा पाऊस पीत होती, आत बाथरूमकडे ओल सोडायची वाट मी बंद केली. पाणी अडकलं, क्षार साठले, गिलाव्याच्या मागे भिंत भुसभुशीत झाली. टाइल काढल्यावर चुना मुठीत येत होता. गडांच्या डागडुजीत सिमेंट नको, चुनाच वापरा, असं पुरातत्त्ववाले का सांगतात ते मला पुस्तकातून नाही, त्या मुठीतून कळलं.

आता मुख्य शत्रू, टाइल. हिचाही इतिहास आहे. आपल्या आजी-आजोबांच्या घरात शहाबादी फरशी किंवा रंगीत सिमेंट टाइल असायची. १९२२ मध्ये सिधवा कुटुंबानं भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली ती स्वदेशीच्या भावनेतून. ह्या टाइल्स सच्छिद्र. गवंडी त्या आधी पाण्यात भिजवायचा, मग इंच-दीड इंच मालावर ठेवून ठोकायचा. सिमेंटची पेज छिद्रांत शिरायची, तिथे तिचे स्फटिक वाढायचे, पकड बसायची. शिवाय टाइल जमिनीवर असायची, पडून पडणार कुठे?

व्हिट्रिफाइड टाइलनं हे सगळं मोडलं. ती साधारण १,२०० अंशांना भाजतात, आतल्या मातीची जवळजवळ काच होते, छिद्रं बुजतात. पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्क्यापेक्षा कमी. तिला बादलीत रात्रभर भिजवा, तिला काहीही फरक पडत नाही, पण सवयीनं आजही भिजवतात. सिमेंटला शिरायला जागाच नाही. आणि आपण ती उभ्या भिंतीवर लावतो, जिथे वजन तिला बसवत नाही तर खाली ओढतं. गडाचं सगळं शास्त्र इथे उलटं होतं. इथे मात्र खरंच चिकटवावं लागतं.

ह्यावरचा उपाय आपल्या घरांत उशिरा पोचला, पण आहे जुना. अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग नावाच्या केमिकल इंजिनिअरनं १९५६ मध्ये सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळून पातळ थरात टाइल बसवायचा माल आणला, लॅटिक्रीट कंपनी त्यातूनच निघाली. आजच्या पिशवीत सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमरची पूड असते. पॉलिमर काचेसारख्या पाठीलाही धरतं आणि थोडं लवचीक राहतं. सोबत सेल्युलोजपासून केलेला एक घटक असतो, जो पाणी धरून ठेवतो, नाहीतर चार-पाच मिलिमीटरचा थर भिंत क्षणात पिऊन टाकेल. आपल्याकडे आयएस १५४७७ हे मानक आहे, २००४ चं, २०१९ मध्ये सुधारलेलं, त्यात टाइप १ ते ५ असे प्रकार आहेत. पिशवीवर छापलेलं असतं. टाइप १ म्हणजे घरातल्या जमिनीवरची साधी सिरॅमिक टाइल. मोठी टाइल, ओली जागा, बाहेरची भिंत, दगड, असं काम अवघड होत जातं तसा आकडा वर जातो. दुकानदार म्हणेल सगळं सारखंच आहे. नाही. एपीआयचं व्हर्जन न बघता कोड लिहिणाऱ्यांनी निदान हे तरी समजून घ्यावं, हे मी मलाच सांगतोय.

ह्या वेळी आण्णांनी त्यांच्या पद्धतीनं केलं आणि मी हेल्पर. आधी तिन्ही नव्या भिंतींना वॉटरप्रूफिंगचा थर, कारण अॅडेसिव्ह म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, ग्राउट पण नव्हे. ते वाळल्यावर टाइलच्या पाठीवरची पांढरी पूड ओल्या फडक्यानं पुसणं. हे माझं काम. ती पूड भट्टीत टाइल चिकटू नये म्हणून लावलेली असते, म्हणजे न चिकटण्यासाठीच, आणि आपण तिच्यावरच चिकटवायला जातो. मग दातेरी थापी. भिंतीवर माल एकाच दिशेनं ओढायचा, रेघा उठतात. टाइलच्या पाठीलाही पातळ हात. दाबून किंचित हलवली की रेघा मोडतात आणि मधली हवा निघून जाते. गोळ्यांच्या पद्धतीत हीच हवा आत राहते, मग बोटानं वाजवलं की पोकळ आवाज येतो. आमच्या जुन्या टाइल्स वर्षभर तसाच आवाज करत होत्या, मला तो ऐकायला येत नव्हता. तिसरी टाइल लावल्यावर आण्णांनी ती लगेच उपटली. मी दचकलो. "बघायचं असतं," म्हणाले. पाठ पूर्ण माखलेली होती. ओल्या जागेत निदान ९५ टक्के माखलेली हवी असं अमेरिकन मानक सांगतं. आण्णांनी ते वाचलेलं नाही, पण एक कोपरा कोरा दिसल्यावर पुढच्या टाइलला माल वाढवला. माल पण थोडाथोडा कालवायचा. वीसेक मिनिटांत भिंतीवर साय धरते, मग वरून पाणी शिंपडून फसवाफसवी चालत नाही.

दोन टाइल्समध्ये स्पेसर घालून तीन मिलिमीटर फट सोडली. मागच्या वेळी मीच सांगितलं होतं की फट दिसायला नको, एकदम चिकटवा. दिसायला छान होतं. चोवीस तास हात लावला नाही, मग एपॉक्सी ग्राउट.

आणि कोपरे. दोन भिंती मिळतात तिथे, भिंत जमिनीला मिळते तिथे ग्राउट भरायचं नाही. ही दोन अंगं वेगवेगळी हलतात, कडक माल तिथे तडकणारच. मागच्या वेळी मी तिथे पांढरं सिमेंट भरायला लावलं होतं. ह्या वेळी सिलिकॉन, बुरशीरोधक, न्यूट्रल प्रकारचं. स्वस्त ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येतो, ते अॅसिटिक. संगमरवर किंवा सिमेंटच्या पृष्ठभागाला ते मानवत नाही. जुनं सिलिकॉन असेल तर ते पूर्ण खरवडायचं, कारण नवं जुन्यावर नीट धरत नाही. आण्णांनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून कोपऱ्यावरून एकच लांब हात फिरवला. दरज भरली, म्हणाले. दरज हा शब्द त्यांनी सिलिकॉनसाठी वापरला, सहज.

पणजोबांच्या भिंतीला मात्र टाइल लावलीच नाही. तिच्यापुढे वीतभर जागा सोडून नवी पातळ भिंत घेतली, टाइल तिच्यावर, आणि मधल्या पोकळीला खाली-वर जाळ्या. बाथरूम लहान झालं. आई म्हणाली, एवढ्या खर्चात दुसरं झालं असतं. बरोबर आहे तिचं.

जुन्या भिंतीची बाहेरची बाजू अजून उघडी आहे. तिथे चुन्याचाच गिलावा करायचा ठरलं आहे. कळीचा चुना आणून अंगणात दोन ड्रममध्ये विरवला, तो पाण्याखाली ठेवून मुरवायचा, जितका मुरेल तितका मऊ. आण्णांनी ड्रमवर फळी ठेवून वर दगड ठेवला आहे आणि सांगून गेलेत की पाऊस सरेपर्यंत उघडायचा नाही. मी पुण्यात. आजी रोज पहाटे नव्या बाथरूममध्ये आंघोळ करते, पण आत गेल्यावर आधी प्रत्येक टाइल बोटानं वाजवून बघते. आई फोनवर सांगत होती, सगळं घर त्या टकटकीनं उठतं.